गाळलेल्या जागा भरा

पहिला मानवी जीनोम वाचायला १९९० साली सुरुवात झाली आणि २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तेरा वर्षं आणि सुमारे ३ अब्ज डॉलर्सचा प्रकल्प! २०१४ पर्यंत मात्र एका माणसाचा खर्च हजार डॉलर्सच्या आसपास आला. हे जमलं कसं?

पहिली युक्ती केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन (जन्म चेन्नईचा) आणि डेव्हिड क्लेनरमन यांची: काचेच्या पट्टीवर डीएनएचे कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचायचे.

दुसरी युक्ती आपल्या डबेवाल्यांसारखी. प्रत्येकाच्या तुकड्यांना सांकेतिक खूण जोडायची, अनेकांचे नमुने एकत्र करून मशीनमध्ये घालायचे आणि नंतर कॉम्प्युटरने खुणा बघून ज्याचं त्याला द्यायचं.

तिसरी युक्ती २००८ साली सुरू झालेल्या '१००० जीनोम्स' प्रकल्पाची. एकेक अक्षर तीस-तीस वेळा तपासण्याऐवजी थोड्याच वेळा वाचायचं आणि इतरांच्या जुळणाऱ्या तुकड्यांवरून गाळलेल्या जागा भरायच्या.

पण खरी मेख इथेच आहे. आपल्यासारखी माणसं संग्रहात नसतील, तर जागा चुकीच्या भरल्या जातात. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या संग्रहात २६ गटांतले २,५०४ लोक आहेत. त्यात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत. मराठी गट नाही!

जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया'ने १०,००० भारतीयांची माहिती संशोधकांना खुली केली, ही चांगली सुरुवात आहे. उद्या तुमच्याकडे कुणी नमुना मागितला तर संमतिपत्र नीट वाचा, शंका विचारा, पण "आपल्याला काय करायचंय?" म्हणून कागद बाजूला सारू नका.