मंगळावरील चाकोरी

प्रवास कोणीं केला, कोणत्या वाटेनें केला आणि किती केला, हे तीन प्रश्न इतिहास लिहिणारापुढें नेहमीं उभे राहतात. पैकीं पहिले दोन बहुधा सुटतात; तिसऱ्यापाशीं मात्र घोटाळा होतो. एका कागदांत वीस कोस म्हणून लिहिलेलें असतें, दुसऱ्यांत पंचवीस. आणि कोस कोणता धरला होता हें दोहोंतही नसतें. मग वाट कोणती, वाटेंतील गांवें कोणतीं, मुक्काम किती, हें सर्व ताडून पाहिल्यावांचून त्या आंकड्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. हें झालें माणसांच्या प्रवासाविषयीं. ज्या भूमीवर मनुष्याचें पाऊल अद्याप पडलेलें नाहीं, जेथें गांव नाहीं, वाटसरू नाहीं, मैलाचा दगड नाहीं, अशा मंगळावर ‘ऑपॉर्च्युनिटी’ नांवाची एक यांत्रिक गाडी सन २००४ पासून २०१८ पर्यंत चालली, व तिची एकूण मजल ४५.१६ किलोमीटर झाली, असें आज छापलें जातें. आंकडा मोठा सुबक आहे. पण तो सांगितला कोणीं, आणि त्यावर विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न आम्हांस त्या आंकड्याहून महत्त्वाचा वाटतो.

चाकाचे फेरे मोजून अंतर काढण्याची युक्ति फार जुनी आहे. रोमन वास्तुशास्त्रकार व्हिट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडांत असें एक यंत्र वर्णिलें आहे. गाडीचें चाक एका फेऱ्यांत साडेबारा फूट जाई. चारशें फेरे झाले म्हणजे पांच हजार फुटांचा रोमन मैल भरे, व त्याबरोबर एक खडा धातूच्या भांड्यांत टणकन् पडे. दिवस मावळल्यावर खडे मोजावे, म्हणजे मजल कळली. यांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, चाक जितकें फिरलें तितकी गाडी पुढें गेली. रोमन सडक फरसबंद होती, म्हणून हें गृहीत खपून गेलें. मंगळावर फरसबंदी कोठून असणार?

अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें सन १९९७ च्या जुलैच्या ४ तारखेस उतरविलेली ‘सोजर्नर’ ही मंगळावर चाललेली पहिली गाडी होय. तिचें वजन साडेदहा किलो, आणि तिची सारी चाल शंभर मीटरांच्या आसपास. उतरण्याच्या तळावरील कॅमेरा तिच्याकडे पाहत असे. त्यामुळें ती कोठें आहे हा प्रश्न बिकट नव्हता. अंगणांत रांगणाऱ्या मुलाचा माग काढावा लागत नाहीं. प्रश्न बिकट झाला तो सन २००४ मध्यें. त्या वर्षीं ४ जानेवारीस ‘स्पिरिट’ ही गाडी गुसेव्ह विवरांत, आणि २५ जानेवारीस ‘ऑपॉर्च्युनिटी’ मेरिडियानी पठारावर उतरली. या पठाराचें नांवच मोजणीच्या इतिहासांतलें आहे. सन १८३० च्या सुमारास बर्लिन येथील बेअर व मेडलर या दोघां ज्योतिषांनीं ग्रहाचा फेरा मोजण्यासाठीं त्याच्या बिंबावरील एक लहानसा काळा डाग खूण म्हणून धरला. पुढें मंगळाचे रेखांश तेथूनच मोजण्याची वहिवाट पडली, व त्या प्रदेशास मध्यान्हरेषेचें नांव मिळालें. पृथ्वीवरच्या माणसांनीं दुर्बिणींतून जेथें शून्याचा खुंटा रोवला, त्याच्याच आसपास पावणेदोनशें वर्षांनीं त्यांची गाडी जाऊन पडली.

या गाडीस सहा चाकें. वजन सुमारें १८० किलो. तिनें नव्वद मंगळदिवस टिकावें व निदान ६०० मीटर चालावें, एवढीच निर्मात्यांची अपेक्षा होती. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारें चाळीस मिनिटांनीं मोठा असतो. त्यास ते ‘सोल’ म्हणतात. गाडीची सारी रोजकीर्द या सोलांच्या क्रमांकानें मांडलेली आहे. तिला हांकणें म्हणजे लगाम हातीं धरून हांकणें नव्हे. रेडिओचा संदेश तेथें पोंचण्यास तीनपासून बावीसपर्यंत मिनिटें लागतात. म्हणून सकाळीं दिवसभराच्या आज्ञा पाठवावयाच्या, व सायंकाळीं काय झालें याचा वृत्तांत आणि छायाचित्रें यांची वाट पाहावयाची, असा क्रम होता. आज्ञा देणारास गाडी कधींच चालतांना दिसली नाहीं. तिनें स्वतःविषयीं सांगितलेलें तेवढें त्याच्या हातीं आलें.

आणि गाडी स्वतःविषयीं सांगते तें खरेंच असतें असें नाहीं. सन २००५ च्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस, म्हणजे ४४६ व्या सोलास, ऑपॉर्च्युनिटीला सुमारें नव्वद मीटर चालण्याची आज्ञा होती. सुमारें चाळीस मीटर गेल्यावर ती एका वाळूच्या लाटेंत रुतली. परंतु चाकें आज्ञेप्रमाणें फिरतच राहिलीं. चाकाचें म्हणणें ऐकावें तर मजल पुरी झाली होती. गाडी पाहावी तर ती आंसापर्यंत वाळूंत बुडालेली. त्या लाटेस शास्त्रज्ञांनीं ‘पर्गेटरी’, म्हणजे ख्रिस्ती लोकांचें पापक्षालनाचें स्थान, असें नांव दिलें; आणि प्रायश्चित्तही तसेंच घडलें. जून महिन्याच्या ४ तारखेस ती सुटली तेव्हां तिच्या चाकांनीं सुमारें १९० मीटरांचे फेरे खाल्ले होते, व ती प्रत्यक्षांत कशीबशी मीटरभर हलली होती. व्हिट्रुव्हियसच्या भांड्यांत खडे पडत राहिले; गाडी जागच्या जागींच होती.

तेव्हां दुसरा साक्षीदार उभा करणें प्राप्त होतें. तो गाडीच्याच अंगीं होता, म्हणजे तिचे डोळे. थोडें चालावयाचें, थांबावयाचें, जोडकॅमेऱ्यानें समोरच्या दगडांचें चित्र घ्यावयाचें. मागील चित्रांतले तेच दगड नव्या चित्रांत किती सरकले हें पाहून आपण किती सरकलों याचें गणित करावयाचें. मार्क मेमोन, यांग चेंग व लॅरी मॅथीस यांनीं ही रीत या गाड्यांवर चालविली. पण गाडीचा संगणक मंदगति होता, एकेका पावलाचें गणित मिनिटें खाई. म्हणून ही साक्ष उतारावर, वाळूंत, म्हणजे जेथें चाकाच्या शब्दावर संशय घ्यावयाचा तेथेंच काढीत. शिवाय सपाट, सारख्या वाळूंत डोळ्याला ओळखण्याजोगी खूणच सांपडत नाहीं. यावर सन २०१२ मध्यें उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’च्या कारागिरांनीं एक नामी उपाय केला. तिच्या चाकांस अशीं भोंकें पाडलीं कीं प्रत्येक फेऱ्याबरोबर तारयंत्राच्या टिंबरेघांत कारखान्याच्या नांवाचीं आद्याक्षरें मातींत उमटावीं. म्हणजे गाडीनें मागें वळून आपलीच चाकोरी वाचावी, आणि दोन ठशांमधील अंतरावरून आपण घसरलों कीं काय हें ओळखावें.

तिसरा साक्षीदार आकाशांतला. ओहायो राज्य विद्यापीठांतील रॉन ली व त्यांचे सहकारी गाडीच्या मुक्कामामुक्कामावरील चित्रें एकत्र जुळवून तिच्या वाटेचें जाळें विणीत. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींतील टिम पार्कर हे गाडीला दिसणाऱ्या टेंकड्या व खळगे वरून घेतलेल्या चित्रांत हुडकून तिचें स्थान नकाशावर मांडीत. सन २००६ मध्यें मंगळाभोंवतीं फिरूं लागलेल्या नव्या यानाच्या कॅमेऱ्यानें या कामास विलक्षण बळ आलें. त्याला हातभर लांबीची वस्तु दिसे. त्या वर्षीं ३ ऑक्टोबरला त्यानें पाऊण किलोमीटर रुंदीच्या व्हिक्टोरिया विवराच्या कांठावर उभी असलेली ऑपॉर्च्युनिटी टिपली. आणि तिच्या मागें होती चाकोरी, बारीक, पण निःसंशय. बखर एकीकडे आणि समकालीन पत्र दुसरीकडे असावें, व दोहोंचा मेळ बसावा, तेव्हां इतिहासशोधकास जें समाधान होतें तें त्या दिवशीं या मोजणीदारांस झालें असेल, असें आम्हांस वाटतें.

या पुराव्याची खरी कसोटी मात्र मंगळाच्या नव्हे, तर चंद्राच्या प्रवासावरून लागली. सोव्हिएट रशियाची ‘लुनोखोद-२’ ही गाडी सन १९७३ च्या जानेवारींत चंद्रावर उतरली आणि मे महिन्यापर्यंत चालली. तिला आठ चाकें हांकणारीं. शिवाय एक लहान नववें चाक केवळ अंतर मोजण्यासाठीं, मागें मोकळें फिरणारें. तिची चाल ३७ किलोमीटर, असें चाळीस वर्षें सर्वत्र सांगण्यांत येई. सन २०१३ च्या मे महिन्यांत ऑपॉर्च्युनिटीनें, सन १९७२ मध्यें अपोलो-१७ च्या प्रवाशांनीं चंद्रावर मोटार हांकली होती त्या ३५.७४४ किलोमीटरांस मागें टाकलें, आणि आतां परभूमीवरील सर्वांत लांब मजलेचा मान अमेरिकेकडे जाणार असें दिसूं लागलें. त्याच सुमारास मॉस्को येथील भूमापन व नकाशाशास्त्राच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं, चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानानेंच घेतलेल्या चित्रांत लुनोखोदची चाकोरी मोजून, ती ४२ किलोमीटर भरते असें जाहीर केलें.

येथें तंटा माजण्यास काय उशीर होता? दोन राष्ट्रें, जुनी चढाओढ, आणि मान कोणाचा हें ठरविणारा पांच किलोमीटरांचा फरक. परंतु घडलें तें निराळें. रशियाच्या इरीना काराचेव्त्सेवा, अमेरिकेचे टिम पार्कर, ब्रॅड जॉलिफ व इतर यांनीं एकत्र बसून आधीं मोजण्याची रीत ठरविली. दोन्ही गाड्यांना एकच गज लावावा असा निश्चय केला. आणि मग चाकोरी पुन्हा मोजली. ती ३९ किलोमीटर ठरली. जुन्या ३७ हून अधिक, नव्या ४२ हून कमी. चाक नेहमीं वाढवूनच सांगतें असें नाहीं, येथें त्यानें कमीच सांगितलें होतें. आणि स्वदेशाभिमानानें मोजलेलेंही तपासून घ्यावें लागतें, हें यांतून सिद्ध झालें. सन २०१४ च्या जुलैच्या २७ तारखेस ऑपॉर्च्युनिटीची मजल ४०.२५ किलोमीटर झाली, आणि तो मान तिला निर्विवाद मिळाला. ४२ चा आंकडा टिकता तर तिला पुढील वर्षापर्यंत थांबावें लागलें असतें. जवळच्या सहा मीटरांच्या एका विवरास तिच्या चालकांनीं ‘लुनोखोद-२’ हें नांव दिलें. प्रतिस्पर्ध्याचा असा सत्कार राजकारणांत क्वचित् पाहावयास मिळतो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. बावीस किलोमीटर रुंदीच्या एंडेव्हर विवराचा कांठ तिनें सन २०११ मध्येंच गांठला होता. सन २०१५ च्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस तिनें मॅरेथॉन शर्यतीचें अंतर पुरें केलें, त्याला अकरा वर्षें व दोन महिने लागले. सन २०१८ च्या जूनमध्यें साऱ्या ग्रहावर धुळीचें वादळ उठलें, सूर्यप्रकाश नाहींसा झाला, आणि १० तारखेनंतर तिचा शब्द आला नाहीं. हजारांवर हांका मारून झाल्यावर सन २०१९ च्या फेब्रुवारीच्या १३ तारखेस शास्त्रज्ञांनीं खातें बंद केलें. रोजच्या नोंदींची अखेरची बेरीज ४५.१६ किलोमीटर.

या बेरजेवर आम्ही विश्वास ठेवतों तो चाकानें सांगितली म्हणून नव्हे. चाक खोटें बोललें तर तें पकडण्यास डोळा जागा होता, आणि डोळा फसला तर आकाशांतून पाहणारा होता, म्हणून. ज्या आंकड्यास खोडून काढण्याची सोय आंकडा मांडणारानेंच करून ठेवली, तोच विश्वासास पात्र.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चंद्रावर वारा नाहीं. म्हणून लुनोखोदची चाकोरी चाळीस वर्षांनंतरही मोजतां आली, आणि पुढेंही दीर्घ काळ मोजतां येईल. तो अस्सल कागद सुरक्षित आहे. मंगळावर वारा आहे. तेथील चाकोऱ्या थोड्याच वर्षांत धुळीखालीं पुसट होऊन नाहींशा होतात. ऑपॉर्च्युनिटीच्या प्रवासाची फेरमोजणी तेथें जाऊन करण्याची सोय उद्यांच्या मनुष्यास बहुधा राहणार नाहीं. त्याच्या हातीं उरेल ती केवळ ही रोजकीर्द. ती लिहितांना वेळच्या वेळीं, सोलामागून सोल, तीन साक्षी घेऊन लिहिली गेली, हें त्या गाडीच्या पंचेचाळीस किलोमीटरांइतकेंच मोठें काम झालें, असें आमचें मत आहे.