घर नसलेल्याला ‘घरात राहा’ सांगणारा कायदा

२४ मार्च २०२० च्या रात्री हुकूम सुटला, घराबाहेर पडू नका. राजापेठेत दुकानांची शटरं पडली की त्याच पायऱ्यांवर अंथरूण टाकणाऱ्याने कोणत्या घरात राहायचे? राज्य सरकारने हाती घेतला होता तो १८९७ चा, इंग्रजांचा साथरोग कायदा.

त्या प्लेगचा इतिहास आपल्याला कसा शिकवला? रँडचे सोजीर घरात घुसले, देवघर बाटले, मग चापेकरांनी गोळी झाडली. सोजिरांचा जुलूम खराच होता. पण ही कैफियत देवघर असलेल्यांची आहे. महारवाड्यातल्या प्लेगची कैफियत कुणी लिहिली? त्याच साथीत सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेतले, यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात पोहोचवले आणि १० मार्च १८९७ ला स्वतः प्लेगने गेल्या. सरकारी छावणीत माणूस कोंडला जाई. इथे तो उचलून आणला जात होता.

निवाऱ्याचा प्रश्न आमच्या अमरावती जिल्ह्याला नवा नाही. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य वारकऱ्याला तिथे पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. (बाबांचा नुसता खराटा मिरवणाऱ्यांना ही धर्मशाळा बरी आठवत नाही!)

३१ मार्च २०२० ला केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले : २१,०६४ छावण्या, त्यांत सुमारे ६ लाख ६६ हजार माणसे. म्हणजे मनात आणले तर आठवडाभरात निवारा उभा राहतो. मग एरवी का नाही? माणूस उघड्यावर झोपतो याची सरकारला चिंता नव्हती. तो रोग पसरवेल याची होती. शाळांमधल्या छावण्या तात्पुरत्याच होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा पायरीवरचा माणूस पायरीवरच होता.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाखामागे शंभर जणांचा एक कायम निवारा असा होता. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहर साडेसहा लाखांच्या घरात होते. म्हणजे किमान सहा निवारे, सहाशे जागा. माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारा : किती आहेत, कुठल्या पत्त्यावर, आणि रात्री अकराला दार उघडते का?