हाफकिनसाहेबांची लस आणि तिची वाटणी

मुंबईस अध्यापन करीत असता आम्ही एकदा वर्ग घेऊन परळच्या हाफकिन संस्थेत गेलो होतो. परतताना आपल्याच समाजातील एका विद्यार्थ्याने पृच्छा केली, "किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, मग हाफकिन कोठले?" कोकणातले नव्हेत, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसाचे, पण होते यहुदी, हे ऐकून तो मुलगा हरखला. वाचक बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आज येथे देत आहोत.

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १८६० चा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली, १८९२ साली ती स्वतःस टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते कलकत्त्यास आले. तेथील एका गरीब वस्तीत १८९४ साली सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी ती घेतली. पुढे त्या वस्तीत ज्यांना पटकी झाली, ते सारे लस न घेतलेले होते.

मुंबईत प्लेगचे निदान झाले १८९६ च्या सप्टेंबरात. ऑक्टोबरात हाफकिन तेथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई एवढे मिळाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस प्रथम स्वतःस टोचली; त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस. सरकारचा मार्ग निराळा होता : घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण. त्या जुलमातून पुण्यात रँडचा वध घडला.

आम्हांस या हकीकतीत सर्वांत मोलाचा वाटतो तो हाफकिनसाहेबांचा रस्सा. जंतू वाढविण्यास गोमांसाचा रस वापरीत. तो हिंदूंस चालणारा नव्हता. हाफकिन यांनी बोकडाचे मांस योजिले आणि जंतूंच्या वाढीसाठी वर तुपाचे थेंब सोडले. मांस व तूप एका भांड्यात, हे वाचून आपल्या गृहिणी भुवया उंचावतील. परंतु ही टोचण्याची वस्तू होती, खाण्याची नव्हे! बोकड व तूप मुंबईच्या बाजारात मिळे, म्हणून लस मुंबईतच होऊ शकली. आगाखानांनी स्वतः टोचून घेऊन अनुयायांची भीती घालविली व प्रयोगशाळेस आपला बंगला दिला. १८९९ साली ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून दोन कोटी साठ लक्ष मात्रा बाहेर गेल्या.

१९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेले एकोणीस लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला. १९०७ साली ते निर्दोष ठरले. प्लेगने मात्र भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. लस सिद्ध होणे निराळे, ती खेड्यातील झोपडीच्या दारी वेळेवर पोहोचणे निराळे.

हे आम्हांस पुन्हा कळले २०२१ साली. इस्राएलात डिसेंबर २०२० मध्येच कोविडची लस सुरू झाली होती. आमच्या दोन्ही मात्रा झाल्या, तेव्हा ठाण्याच्या आमच्या साठी उलटलेल्या वडील भगिनीची पाळीच आली नव्हती; फोनवर त्यांना ते सांगताना जीभ अडखळली. अनेक घरी हाच अनुभव आला असेल. आफ्रिकेची अवस्था याहून कठीण होती. गरीब देशांना लस पुरविण्यासाठी योजलेल्या कोव्हॅक्सचा पहिला साठा, सहा लक्ष मात्रांचा, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानास पोहोचला. तो पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेला होता. मार्चअखेर भारतातच साथ भडकली, निर्यात थांबली, आणि कोव्हॅक्सला पुण्याची लस पुन्हा मिळू लागली ती नोव्हेंबरात. भारताला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? घरच्यांस श्वास मिळेना, तेव्हा साठा बाहेर कोण धाडील? पण त्यामुळे एवढ्या देशांची भिस्त मुख्यत्वे एका कारखान्यावर ठेवणे शहाणपणाचे ठरत नाही. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण आफ्रिकेत लस बनविण्याची विद्या शिकविणारे केंद्र जाहीर केले.

भगिनीस पहिली मात्रा एप्रिलात मिळाली. बाटलीवर पुण्याचे नाव होते, असे त्यांनी मोठ्या अभिमानाने कळविले.