युद्धासाठी बांधलेली धावपट्टी : सांताक्रूझ विमानतळाची वाटचाल

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी उपनगरे एका बेटावर आहेत, हे लोकल पकडणाऱ्याच्या ध्यानातही नसते. हे साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. माहीमच्या खाडीवर १८४५ साली लेडी जमशेटजींच्या पैशातून रस्ता झाला, तोवर माहीमहून साष्टीला होडीनेच जावे लागे.

या बेटावर विमान प्रथम जुहूला रुजले. १९२८ मध्ये किनाऱ्याजवळ साधे मैदान तयार झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे सुमारे २५ किलो टपाल घेऊन तिथे उतरले. पावसाळ्यात मात्र त्या मैदानाचा चिखल व्हायचा, मग टाटांची विमाने पुण्याहून उडत. अशा जागेच्या भरवशावर युद्ध लढता येत नाही.

सांताक्रूझचा तळ १९३०च्या दशकात उभा राहिला तो ब्रिटिश हवाई दलासाठी. जुहूपेक्षा तो कितीतरी मोठा होता. १९४२ ते १९४७ या काळात तिथे हवाई दलाच्या अनेक तुकड्या मुक्कामाला होत्या. मुंबईची हद्द तेव्हा माहीम-शीवलाच संपत होती, त्यामुळे सैन्याला हवी तेवढी मोकळी जमीन शहराबाहेर, पण बंदराच्या आवाक्यात मिळाली. ही सोय पुढे शहराच्या गळ्यात पडली.

दुसरे महायुद्ध संपले, इंग्रज गेले. १९४८ मध्ये प्रवासी विमाने जुहूहून सांताक्रूझला आली. १९५० आणि १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि उपनगरे शहरात आली. १९५८ मध्ये नवे टर्मिनल झाले. नंतर सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल आले, १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आले, २०१४ मध्ये टी-टू हे नवे टर्मिनल. नावे बदलत गेली, तरी जुने लोक आजही 'सांताक्रूझ' नाहीतर 'सहार'च म्हणतात.

जुहू आणि सांताक्रूझ इतके शेजारी, की वैमानिकही चकत. १५ जुलै १९५३ला बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. ते परत उडवायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तीच चूक केली. आखूड धावपट्टी संपली, विमान पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. जुहूने पुढे वेगळी वाट धरली. आज तिथून हेलिकॉप्टरे अरबी समुद्रातल्या तेलफलाटांवर माणसे नेतात.

सांताक्रूझला मात्र पसरायला जागाच उरली नाही. त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एकीखालून मिठी नदी वाहते, म्हणजे वाहू दिली तर. २६ जुलै २००५च्या महापुरात तिने आपली जागा परत मागितली आणि विमानतळ बंद पडला.

भोवतीच्या वस्तीला वाटते विमानतळ मधे आला. खरे तर तळ आधी होता, दाटी नंतर झाली. पण हा युक्तिवाद विलेपार्ल्याच्या जुन्या सोसायटीत करून पाहावा! विमानांच्या वाटेखालच्या इमारतींना उंचीची मर्यादा आहे. चार मजल्यांच्या जागी बारा मजले चढवता आले नाहीत, तर बिल्डर पुनर्विकासाला फिरकत नाही. आठ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याने सांताक्रूझवरचा भार हलका होईल. पार्ल्यातली उंचीची मर्यादा मात्र त्याने उठत नाही, कारण धावपट्ट्या जागच्या जागीच आहेत.