उमेदवार आणि वशिला : नागपुरातील पहिल्या नोकरीच्या इतिहासाची एक बाजू

एप्रिल उजाडला आणि परीक्षा उरकल्या म्हणजे नागपुरातील पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो : घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पावसाळ्यापर्यंत काय करावयाचे? घरची परिस्थिती बेताची असेल तर प्रश्न केवळ वेळ घालविण्याचा राहत नाही. मग बाप किंवा मामा ओळखीच्या एखाद्या गृहस्थाकडे जातो आणि म्हणतो, "भाऊ, पोट्ट्याले कुठंतरी लावून द्या ना जी." हे वाक्य बोलीभाषेच्या अभ्यासकाला परिचित आहेच, परंतु सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकानेही त्याकडे लक्ष द्यावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मराठीत मुलगा नोकरी 'मिळवितो' असे लिहिता येते, पण बोलताना क्वचितच म्हटले जाते. मुलगा नोकरीला 'लागतो', किंवा त्याला नोकरी 'लागते'. लग्न लागते, नंबर लागतो, त्याच जातीचा हा प्रयोग होय. क्रियापद अकर्मक, कर्तृत्वाचा भाग मुलाकडे जवळजवळ नाही. सकर्मक रूप हवे असेल तर कर्ता बदलावा लागतो : काकाने त्याला कामाला 'लावला', साहेबांनी 'लावून दिला', कुणी तरी 'चिकटविला'. म्हणजे ज्याची नोकरी, तो व्याकरणात केवळ लागणारा, करणारा दुसराच. केवळ व्याकरणावरून समाजाची स्थिती अनुमानिणे धोक्याचे असते हे मान्य आहे. परंतु या प्रयोगाभोवती जो शब्दसंग्रह जमला आहे, त्याची साक्षही याच दिशेची आहे.

त्या संग्रहातील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'उमेदवार'. फारसीतील 'उमेद' म्हणजे आशा, आणि 'वार' हा ती बाळगणारा असे दर्शविणारा प्रत्यय. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला मनुष्य. दरबारात किंवा कचेरीत जागा रिकामी होईल या आशेने जो हजेरी लावतो, तो उमेदवार. मराठी राज्यांच्या कारकुनीत आणि पुढे इंग्रजी अमलातील कचेऱ्यांत ही एक रुळलेली पद्धत होती. कारकुनाचा मुलगा किंवा पुतण्या मिसरूड फुटण्याच्या सुमारास कचेरीत येऊन बसे, मोडीचा कित्ता घटवी, नकला उतरी, हिशेब ताडून पाही, आणि या सर्वांबद्दल त्याला बहुधा पगार मिळत नसे. वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहून अधिक काळाने, जागा रिकामी झाली तर तो तीत बसे. मराठीत 'उमेदवारी करणे' म्हणजे बिनपगारी किंवा अल्प वेतनावर काम शिकणे हा अर्थ इथून आला. मूळचा आशेचा अर्थ 'उमेद' शब्दात मात्र पातळ झाला. त्यात धडाडी आणि तारुण्य यांची छटा शिरली, आणि 'ऐन उमेदीत' म्हणजे भर तारुण्यात असे आपण म्हणू लागलो. तारुण्याचा काळ आणि वाट पाहण्याचा काळ या दोहोंना एकाच कुळातील शब्द मिळावेत, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

नागपूरच्या बाबतीत या पद्धतीला एक विशेष कारण घडले. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी ठरली. राजवाड्याभोवतीचा चाकरवर्ग उघडा पडला. त्याच वेळी नव्या प्रांताच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्या. जुन्या दप्तरातील माणसाला नव्या दप्तरात शिरावयाचे तर आत आधीच शिरलेल्या कुणाचे तरी बोट धरावे लागे. त्या बोटाचे नाव 'वशिला'.

हा शब्द अरबी 'वसीला', म्हणजे पोचण्याचे साधन, यापासून आला. येथे ध्वनीचा एक मुद्दा नोंदवावासा वाटतो. 'इ'काराच्या आधीचा 'स' मराठीत 'श' होतो : सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशचा शिफारस, वसील्याचा वशिला. हे परिवर्तन लिहिण्याने होत नाही, तोंडी वापराने होते. उलट अलीकडे आलेले 'सिनेमा', 'सिमेंट' हे शब्द तसेच राहिले. तेव्हा वशिला आणि शिफारस हे शब्द दप्तरातील मुनशींपुरते मर्यादित नव्हते. पागेपासून बाजारापर्यंत ते सर्वांच्या जिभेवर होते असे मानावयास हरकत नाही. 'नोकर' शब्दाचा प्रवास याहून लांबचा : फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचे मूळ मंगोल भाषेत असून तेथे त्याचा अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार असा होता. सोबत्याचा चाकर कसा झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कचेरीबाहेर दुसरे मोठे दार उघडले ते गिरणीचे. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली, आणि जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञीपद मिळाल्याच्या दिवशी, सुरू झाली. बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक होते. गिरणीत मुलांना काम होते : भरलेल्या बॉबिनी उतरविणे, रिकाम्या चढविणे, खाते झाडणे. कोणत्या वयाच्या मुलाला? या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर दर पिढीला बदलत गेले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि बारापर्यंतच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरविले. १८९१ मध्ये वयाची मर्यादा नऊ झाली व तास सात. १९२२ मध्ये बारा वर्षे आणि सहा तास. १९३४ मध्ये तास पाचांवर आले. १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्याचे दार बंद केले आणि पंधरा पूर्ण होईपर्यंत साडेचार तासांहून अधिक काम देऊ नये असे सांगितले. आज ज्या वयाला आपण पहिल्या कामाचे वय समजतो, त्या वयाचा मुलगा १८८१ च्या कायद्याच्या दृष्टीने केव्हाच प्रौढ कामगार झालेला होता.

वयाचे उत्तर कायद्याने दिले. कोणाला घ्यावयाचे याचे उत्तर बराच काळ मुकादमाकडे, म्हणजे गिरणीच्या भाषेत जॉबरकडे, राहिले. 'मुकादम' म्हणजे पुढे ठेवलेला. तो माणसे आणी, त्यांच्यावर देखरेख ठेवी, आणि पुष्कळदा त्यांच्याकडून दस्तुरीही घेई. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरांकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली ती यासाठीच. तथापि मुकादमाला केवळ लाचखाऊ ठरवून विषय संपत नाही. खेड्यातून आलेल्या कुटुंबाला गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी ओळखत नसे, पण मुकादम ओळखे. एखाद्या पोराच्या हातून चूक झाली तर ती मुकादमाच्या नावावर जाई, आणि म्हणून तो पोराचा कान धरून काम शिकवी. वशिल्याची ही दुसरी बाजू आपल्या इतिहासलेखनात फारशी येत नाही : शब्द टाकणाऱ्याची अब्रूही पणाला लागलेली असते.

मात्र ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो जातीपासून वेगळा काढता येत नाही. नागपूरच्या गिरण्यांत महार समाजातील कामगार मोठ्या संख्येने होते, परंतु ते प्रामुख्याने सूतकताईच्या खात्यांत. विणकामात कोष्टी मंडळींचा भरणा. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खाते अस्पृश्यांना बंदच होते. धोट्यातून सूत ओठांनी ओढून घ्यावे लागे, आणि एकाच धोट्याला तोंड लावण्यास सवर्ण विणकर तयार नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. विणकामाचे वेतन अधिक होते हे ध्यानात घेतले म्हणजे वशिल्याचा अर्थ स्पष्ट होतो. बाप ज्या खात्यात, मुलगा त्या खात्यात. बापाचे बोट बापाच्या हाताइतकेच लांब.

जाईबाई चौधरी यांचा वृत्तान्त या संदर्भात मोलाचा आहे. १८९२ साली उमरेड येथे एका महार कुटुंबात जन्मलेल्या जाईबाई तरुण वयात डोक्यावर ओझी वाहण्याचे काम करीत. त्यांना अक्षरओळख आहे हे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या ध्यानी आले, आणि त्यांनी जाईबाईंना दरमहा चार रुपयांवर शिक्षिकेची जागा दिली. ही शिफारस जातीच्या, नात्याच्या, खात्याच्या बाहेरून आलेली होती. म्हणूनच ती जाईबाईंना हमालीतून वर्गात नेऊ शकली. पण शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंना ती जागा सोडावी लागली. वशिला दारापर्यंत नेतो. आत टिकू देणे त्याच्या हातात नसते. पुढे १९२२ मध्ये त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली.

उन्हाळ्यातील कामांचा विचार केल्याशिवाय नागपूरचे चित्र पुरे होत नाही. 'हंगाम' हा शब्दही फारसीच, अर्थ 'वेळ'. त्यापासून 'हंगामी' म्हणजे तात्पुरता. वीज येण्यापूर्वी साहेबलोकांच्या बंगल्यांत व कचेऱ्यांत उन्हाळ्यापुरते पंखा ओढणारे आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपणारे नोकर ठेवीत. पहिला पाऊस पडला की त्यांचे काम संपे. पूर्वेकडील जंगलभागात मे महिन्यात तेंदूची पाने तोडली जातात. पुडकी बांधण्यात घरातील लहानथोर सगळेच गुंततात, परंतु लिहिता-वाचता येणाऱ्या पोराला पुडक्यांची मोजणी लिहिणाऱ्या मुनशीच्या हाताखाली बसता आले तर ती बढती समजली जाई. शाळेची सुटी आणि पानांचा हंगाम एकत्र येतात ही अशा कुटुंबांच्या दृष्टीने मोठी सोय. मॅट्रिकची परीक्षा आणि निकाल यांमधील महिन्यांत टंकलेखन शिकून घेण्याची रीत मध्यमवर्गात पडली, तीही एक प्रकारची उमेदवारीच. फरक इतकाच की फी उमेदवाराने भरावयाची.

माणसाच्या शब्दाऐवजी कागद आणण्याचा मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाला. सैन्यातून परतणाऱ्यांसाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालयांची योजना निघाली आणि १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन आले. नागपूरला याची निकड अधिक होती. कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी शहराचे राजधानीपद गेले आणि ज्या सचिवालयाच्या भरवशावर कित्येक घरांनी मुलांना मॅट्रिकपर्यंत नेले होते ते येथे राहिले नाही. १९६१ मध्ये कारखान्यातील प्रशिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळावे आणि करार लेखी असावा असे ठरले. या कायद्यातील शिकणाऱ्या मुलासाठी शासकीय मराठीने कोणता शब्द योजिला? 'शिकाऊ उमेदवार'. कचेरीच्या ओसरीवर बिनपगारी बसणारा तो जुना उमेदवार कायद्याच्या संरक्षणाखाली आला, नाव तेच घेऊन. निवडणुकांच्या काळात त्याच शब्दाने आणखी एक अर्थ घेतला. तेथेही मनुष्य आशेवरच असतो.

बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई झाली. अपवाद मुख्यतः कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायाचा, तोही शाळेनंतर किंवा सुटीत. म्हणजे कायद्यानेही मुलाचे पहिले काम पुन्हा घराच्या ओट्यावर नेऊन ठेवले. ज्याच्या बापाचे दुकान आहे त्याला दुकान, ज्याचा बाप बिडी वळतो त्याला तीही वाट नाही. बिडीचा उद्योग धोकादायक म्हणून वर्ज्य. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याची कामे सोडून इतर कामे मोकळी आहेत.

दर उन्हाळ्यात आमच्या विभागात पदवीचे विद्यार्थी आणि त्यांची धाकटी भावंडे अर्जांचे नमुने घेऊन येतात. नाव, जन्मतारीख (ती पुष्कळांची एक जून किंवा एक जुलै असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली), शिक्षण, पूर्वानुभव, हे रकाने ती भराभर भरतात. शेवटी एक रकाना असतो : अर्जदारास ओळखणाऱ्या, परंतु त्याचे नातेवाईक नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे. तेथे लेखणी थांबते. मागील वर्षी एका मुलाने तेथे आधी गल्लीतल्या पीठगिरणीवाल्या काकांचे नाव लिहिले होते, मग ते खोडले होते, आणि काका प्रतिष्ठित धरले जातील का असे विचारण्यासाठी तो माझ्याकडे आला होता. मी त्याला ते नाव पुन्हा लिहावयास सांगितले आणि त्याखाली माझे लिहिले.