एका ओळीमागचा हिशेब

दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत येतो. ‘अल्गोरिदम’ हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, म्हणून कॉम्प्युटर ही मुसलमानांची देणगी, असा त्याचा सूर असतो. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. आणि दुसऱ्याच्या नादात पहिल्यातून जे शिकायचे तेही राहून जाते. म्हणून आज एका अगदी छोट्या गोष्टीचा इतिहास सांगावा म्हणतो.

संख्याशास्त्राच्या कामासाठी ‘आर’ नावाची प्रोग्रामिंग भाषा जगभर वापरली जाते. तिच्यात ‘पीनॉर्म’ असे लिहून कंसात १.९६ हा आकडा दिला, की क्षणात ०.९७५ हे उत्तर येते. हे उत्तर येते कुठून?

आधी प्रश्न समजून घेऊ. माणसांची उंची किंवा मोजमापात होणाऱ्या चुका यांचा आलेख काढला, तर मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारी, घंटेच्या आकाराची रेषा मिळते. याला प्रसामान्य वितरण म्हणतात. पीनॉर्म सांगते की दिलेल्या आकड्याच्या डावीकडे या रेषेखालचा किती भाग येतो. अडचण अशी की हे क्षेत्रफळ काढायला शाळेत शिकवतात तसे सरळ सूत्र नाही. ते जवळपासच्या किमतीने, टप्प्याटप्प्याने काढावे लागते. ‘टप्प्याटप्प्याने काढायची रीत’ म्हणजेच अल्गोरिदम.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर पुस्तक लिहिले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि लेखकाचे नाव तिकडे हिशेबाच्या रीतीचेच नाव बनले. आपल्या ‘शून्य’चे अरबीत ‘सिफर’ झाले आणि त्यातूनच युरोपचे ‘झीरो’ आणि ‘सायफर’ हे दोन्ही शब्द निघाले. त्याच शतकात, त्याच बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यासाठी मजकुरातले कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजायची रीत लिहून ठेवली. या पद्धतीचे आज उपलब्ध असलेले हे सर्वात जुने वर्णन मानले जाते. पण अल-किंदींनी संभाव्यता वितरण शोधले असे मी म्हणणार नाही. त्यांनी वारंवारता मोजली आणि तिच्यावरून अनुमान काढले. तेवढेही थोडे नाही.

घंटेच्या आकाराची ती रेषा गणितात आली १७३३ साली, अब्राहम द मुआव्र यांच्या हातून. हे गृहस्थ फ्रान्समधले प्रोटेस्टंट, म्हणजे तिथले धार्मिक अल्पसंख्याक. १६८५ मध्ये राजाने प्रोटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतल्यावर त्यांना देश सोडावा लागला. लंडनमध्ये त्यांनी शिकवण्या करून पोट भरले. विद्यापीठातली जागा त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. नाणे खूप वेळा उडवले तर छापा किती वेळा पडेल, याचा हिशेब करताना गुणाकार आवाक्याबाहेर जात होते. त्यावर जवळपासची किंमत शोधताना त्यांना ही रेषा सापडली. पुढे गाउस आणि लाप्लास यांनी तिला मोठे केले, आज नावही गाउसचे चालते. पण पहिला मान त्या निर्वासिताचा.

रेषा सापडली तरी क्षेत्रफळे काढायची होतीच. १७९९ मध्ये क्रिस्तियान क्राम्प यांनी पहिला छापील तक्ता दिला, तोही वातावरणात प्रकाश कसा वाकतो हे समजून घेण्यासाठी. १९०३ मध्ये शेपर्ड यांचे तक्ते आले. संख्याशास्त्राच्या पुस्तकांच्या शेवटी बारीक आकड्यांची जी पाने असतात, ती या परंपरेतली.

या परंपरेतला मला सर्वात जवळचा वाटणारा प्रसंग १९३८ चा, न्यूयॉर्कमधला. महामंदीत बेकार झालेल्यांना काम मिळावे म्हणून अमेरिकी सरकारने गणिती तक्ते तयार करण्याचा प्रकल्प काढला. शेकडो माणसे कागद-पेन्सिल घेऊन बसली. त्यांच्यातल्या अनेकांचे गणित जेमतेम होते. गणिताची सूत्रे हाताळत होत्या गर्ट्रूड ब्लँच, पोलंडमधून आलेल्या एका ज्यू कुटुंबातल्या, गणितात पीएचडी केलेल्या बाई. त्यांनी अवघड गणिताचे इतके सोपे तुकडे पाडले की साधी बेरीज-वजाबाकी येणाऱ्यालाही आपला वाटा उचलता यावा. १९४१ आणि १९४२ मध्ये या प्रकल्पातून संभाव्यता फलनांच्या तक्त्यांचे दोन खंड निघाले. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, हिशेब करणारा माणूस.

मग खरी यंत्रे आली. यंत्रात तक्ता साठवण्यापेक्षा छोटे सूत्र बरे, म्हणून १९५५ मध्ये सेसिल हेस्टिंग्ज यांनी अशा सूत्रांचे पुस्तक काढले. १९६९ मध्ये विल्यम कोडी यांनी याहून अचूक सूत्रे दिली. आरमधले पीनॉर्म आजही कोडींच्याच सूत्रांवर चालते. आर ही भाषा १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केली आणि १९९५ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली. तिचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो.

वाचायलाही हवा, कारण यंत्र फसवू शकते. पीनॉर्मला १० हा आकडा द्या आणि आलेले उत्तर १ मधून वजा करा. यंत्र सांगते, शून्य. म्हणजे १० च्या उजवीकडे काहीच नाही! खरे उत्तर शून्य नाही. दशांश चिन्हानंतर २३ शून्ये आणि मग ७६ असे ते आहे. यंत्र साधारण १५-१६ अंकच नीट धरून ठेवते, त्यामुळे ०.९९९... ही लांबलचक संख्या ते सरळ १ करून टाकते. वजाबाकी न करता पीनॉर्मलाच ‘उजवीकडचा भाग दे’ असे सांगितले, तर बरोबर उत्तर मिळते. प्रश्न एकच, पण विचारायची रीत चुकली तर जे दुर्मीळ आहे ते नाहीच असे उत्तर हाती येते. ज्या सिफरचा आपण अभिमान बाळगतो, तेच इथे खोटे पडते.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम समाजाची जी स्थिती मांडली, तिच्यातला मोठा भाग जनगणना आणि हीच नमुना सर्वेक्षणे यांवर उभा आहे. नमुन्यावरून काढलेल्या प्रत्येक आकड्याला मागेपुढे चुकीची मर्यादा असते आणि ती काढताना बहुधा तोच १.९६ वापरतात.

समजा, एका जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० मुस्लिम तरुणांपैकी २० टक्के पदवीधर निघाले. तर खरा आकडा साधारण १६ ते २४ टक्क्यांच्या दरम्यान असावा, एवढेच म्हणता येते. ही मर्यादा निम्मी करायची तर ४०० ऐवजी १,६०० जणांना विचारावे लागेल. सर्वेक्षणात अल्पसंख्याकांची संख्या मुळातच थोडी येते, म्हणून आपल्याबद्दलचे आकडे जास्त डळमळीत असतात. यंदा १८ टक्के आणि पुढच्या वेळी २१ आले, की कुणी ‘प्रगती झाली, आता कशाला सवलती’ म्हणतो. उलटे झाले की आपल्यातलाच कुणी ‘समाज बुडाला’ म्हणून ओरडतो. अशा छोट्या नमुन्यावर दोघांनाही तसे म्हणण्याचा अधिकार नसतो. पण हे त्यांना सांगायचे तर हिशेब आपल्याला यायला हवा.

अल-ख्वारिज्मींनी भारतीय अंक ‘परक्यांचे’ म्हणून टाकले नाहीत. ते शिकले, त्यांवर लिहिले आणि पुढच्यांच्या हाती दिले. पुढे ते काम एका निर्वासिताने, एका ज्यू बाईने आणि मंदीतल्या शेकडो बेकारांनी पुढे नेले. नावाचा अभिमान जरूर बाळगावा, पण वारसा त्या कामाचा आहे. आपल्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्यांना तो मेसेज पुढे पाठवण्याऐवजी आर उतरवून घ्यायला सांगा. मग पुढचा अहवाल येईल तेव्हा त्यातला आकडा किती पक्का आहे, हे सांगणारे माणूस आपल्याच घरात असेल.