आजीची अत्तराची कुपी

आजी गेल्यावर तिच्या वस्तूंतून मी एकच मागून घेतली, अत्तराची कुपी. करंगळीएवढी, जाड काचेची, आत गुलाबाचं अत्तर. आजीनं ती आयुष्यभर माजघरातल्या फडताळात, पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवली. हळदीकुंकवाला बाहेर निघायची, बायकांच्या हाताला अत्तर लावून झालं की परत डब्यात.

इतकी सुंदर वस्तू अंधारात कशाला कोंडायची, असं मला वाटायचं. मी ती माझ्या फ्लॅटच्या खिडकीत ठेवली. सकाळचं ऊन आलं की काच मस्त चमकायची. दोन उन्हाळे गेले. एक दिवस आजीची फार आठवण आली म्हणून बूच काढलं, तर गुलाब नव्हताच. जुन्या तेलाचा खवट वास आला. आजी दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

चूक कुठे झाली ते शोधत थेट ग्रीसमध्ये पोचले. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानं सुमारे २३०० वर्षांपूर्वी वासांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ऊन आणि उष्णता सुगंधी तेलं बिघडवतात, म्हणून अत्तरवाले ऊन न येणाऱ्या खोल्या शोधतात आणि माल शिशाच्या किंवा अलाबास्टर दगडाच्या भांड्यांत ठेवतात, असं तो सांगतो. शिसं विषारी, ते सोडून देऊ. पण बाकीचा सल्ला आजही तसाच्या तसा चालतो.

इजिप्तमध्ये दगडी भांड्यांची ही रीत त्याहून जुनी. १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली, तेव्हा आतली बरीच अलाबास्टरची भांडी रिकामी होती. प्राचीन काळीच चोरांनी आतलं सुगंधी तेल पळवलं होतं. एका भांड्याच्या आतल्या बाजूला तर बोटांनी खरवडल्याच्या खुणा होत्या. सोन्याइतकाच सुगंधही चोरण्याजोगा होता!

आपल्याकडे कनौजची तऱ्हा वेगळी. तिथे तांब्याच्या डेगात फुलं उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. या ताज्या अत्तरात पाण्याचा अंश राहतो. तो घालवायला अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत ठेवत. कातड्यातून पाणी हळूहळू उडून जाई, तेल आत राही. म्हणजे अत्तराला आधी थोडा श्वास घेऊ द्यायचा, मग मात्र बूच घट्ट. आपली ‘कुपी’ या कुप्पीचीच बहीण.

बुचाचं महत्त्व आता रसायनशास्त्रही सांगतं. अत्तराचे शत्रू तीन: उजेड, उष्णता आणि हवा. उजेडानं आणि उष्णतेनं सुगंधाचे रेणू मोडतात, बदलतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलं खवट होतात. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास आधी जातात, चंदनासारखे जड वास जास्त टिकतात. म्हणून बाथरूममधलं कपाट ही परफ्यूमची वाईट जागा: रोज गरम पाण्याची वाफ, रोज चढउतार. अर्धी बाटली रिकामी म्हणजे उरलेल्या अर्ध्या बाटलीत हवा. फ्रान्समध्ये व्हर्साय इथे १९९० साली ‘ऑस्मोतेक’ हे सुगंधांचं संग्रहालय सुरू झालं. बंद पडलेली जुनी परफ्यूम्स तिथे अंधारात, १२ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि बाटलीतल्या रिकाम्या जागेत हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात.

आजीच्या फडताळात आर्गॉन नव्हता. अंधार, गारवा आणि घट्ट बूच मात्र होतं.

गेल्या संक्रांतीला आत्याकडे गेले. तिच्याकडे त्याच जोडीतली दुसरी कुपी आहे. तळाशी थोडंसं उरलेलं अत्तर तिनं त्याहून लहान बाटलीत काढून ठेवलं होतं. “मोठीत नुसती हवाच राहते गं,” ती म्हणाली. तिनं ना थिओफ्रास्टस वाचलाय, ना ऑस्मोतेकचं नाव ऐकलंय.

ती माझ्या हाताला अत्तर लावायला लागली, तसा मी हात मागे घेतला. “नको आत्या, संपेल.”

“अगं, संपायलाच असतं ते,” म्हणत तिनं हात ओढून घेतला आणि बोट टेकवलं.

गुलाब होता. त्याच्याखाली चंदन. मग तिनं बूच घट्ट बसवलं, बाटली चिंधीत गुंडाळली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.